स्फेंजचं भोक तेलात मिटतं, वर तेलही पितं

पाककुतूहल:
मोरोक्कोच्या पद्धतीचं स्फेंज, म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठाचं, मधे भोक असलेलं तळलेलं कडं. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, मीठ. पीठ छान फुगतं, पण कढईत भोक मिटतं आणि आतून चिवट लागतं. दूध-साखर घालून फरक पडेल का?

साधी_कढई:
नको. स्फेंजमध्ये मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बस्स. गोडी तळल्यावर वरून घातलेल्या साखरेची नाहीतर मधाची.

पाणी कमी पडतंय. एवढ्या मैद्याला ३७५ ते ४०० मिली लागतं. शेवटचं ५० मिली मात्र मैदा किती पितो ते बघत घाला. मीठ १० ग्रॅम. पीठ हाताला चिकटून लोंबायला हवं. तिथेच लोक घाबरून मैदा वाढवतात आणि सगळं बिघडतं! ओल्या हाताने पीठ उचलून आपटायचं, दुमडायचं, पुन्हा आपटायचं. दहा मिनिटांत ते ताणलं तरी तुटेनासं होतं. मग झाकून दोन-तीन तास, वर बुडबुडे दिसेपर्यंत.

हलका_हात:
भोकाचं सांगते. मेदूवड्यासारखं नुसतं बोट खुपसून भागत नाही. ओल्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा पिळून तोडा, मधे भोक पाडा, बोटांवर फिरवत ताणा आणि लगेच तेलात सोडा. पीठ आतल्या बाजूलाही फुगतं, म्हणून भोक हवं त्याच्या दुप्पट ठेवायचं. आधी वळून ताटात मांडून ठेवलीत तर मिटणारच. हात निथळून घ्या, नाहीतर तेल उडेल. कोरडा मैदा लावू नका, तो तेलात जळतो.

तेल १८० अंशांवर. एका वेळी तीन-चारच. गर्दी केली की तेल थंडावतं, कड लवकर धरत नाही आणि तेल आत शिरतं. २०० च्या वर गेलं की बाहेरून लाल, आत कच्चं. पिठात साखर नसल्याने रंग फिकट सोनेरीच येतो. गडद व्हायची वाट बघत बसलात तर कडक होतात.

पाककुतूहल:
पीठ रात्रभर फ्रिजमध्ये चालेल?

साधी_कढई:
चालेल, यीस्ट २ ग्रॅमवर आणा. सकाळी तासभर बाहेर ठेवा, गार पीठ तेल थंड करतं. आंबट वास येऊन पीठ खाली बसलं असेल तर ते जास्त आंबलंय; रंगही धरणार नाही आणि तेलही ओढेल.