मदत हवी आहे: नजरेने मराठी टायपिंग, जोडाक्षरांचं काय करू?

नमस्कार. हात हलवता न येणाऱ्यांना फक्त नजरेने मराठी लिहिता यावं, असा कीबोर्ड मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी बनवतेय. अक्षरावर नजर ठरावीक वेळ थांबली की ते उमटतं. अडचण तिथेच आहे. वेळ ४०० मिलिसेकंद ठेवली तर नुसतं पाहिलं तरी अक्षर उमटतं (संगणक-संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास याला हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या मिडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली, ती अगदी चपखल वाटते). १००० ठेवली तर डोळे शिणतात. त्यात आपली लिपी! ‘स्त्री’ लिहायला स, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), त, हलन्त, र, वेलांटी, म्हणजे सहा वेळा नजर रोखायची.

नेहमीची जोडाक्षरं वेगळ्या ओळीत सुचवावीत, की हलन्तासाठीच कमी वेळ ठेवावी? कोणी करून पाहिलंय का?

चाचणीत प्रत्येक जण ४०० आणि १००० मिलिसेकंद या दोन्ही वेळा वापरून पाहणार आहे. सरावाचा फायदा दुसरीलाच मिळू नये म्हणून निम्म्यांचा क्रम उलटा ठेवलाय. पण सही करू न शकणाऱ्यांची संमती कशी नोंदवायची? नातेवाइकांनीच ‘हो’ म्हणून टाकावं, हे मला पटत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.