शब्दचर्चा : ॲपचं दुकान, ॲपचा बाजार की ॲपची पेठ?

करवीरकन्या : स्मार्टफोनवरच्या ॲप मार्केटमध्ये २००८पासून काय काय बदललं, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'मार्केट'ला सरसकट 'बाजारपेठ' लिहीत गेले आणि २०१२पाशी अडले. तोवर गूगलच्या त्या जागेचं नावच 'अँड्रॉइड मार्केट' होतं, त्या मार्चमध्ये ते 'गूगल प्ले' झालं. एकाच परिच्छेदात मार्केट म्हणजे ती जागा आणि मार्केट म्हणजे सगळा व्यवहार. संपादकांनी दोन्हीकडे 'बाजार' केलंय. मला खटकतं. आमच्या घरी 'बाजार आणला का?' म्हणजे भाजी आणली का.

पथारीवाला : दोन शब्द वापरा, कारण गोष्टी दोन होत्या. ॲपलचं पहिल्या दिवसापासून दुकान. जुलै २००८ला उघडलं तेव्हा आत पाचशेच्या आसपास ॲप्स, आणि कुठला माल मांडायचा हे मालक ठरवणार. अँड्रॉइड मार्केट खरोखर बाजार होता. पैसे भरून नाव नोंदवलं की कुणीही येऊन पथारी टाकावी. ॲप चढवलं की थोड्याच वेळात लोकांना दिसायचं. गूगलने माणसांकरवी तपासणी सुरू केल्याचं २०१५मध्ये सांगितलं. म्हणजे बाजाराचं दुकान झालं. तुमच्या लेखाचा विषयच तो आहे, मग शब्दही तिथे बदलू द्या.

मोंढ्यावरचा : दुकान साफ चूक. दुकानदार माल स्वतः विकत घेतो, मग विकतो. इथे माल बनवणाऱ्याचाच राहतो आणि जागावाला विक्रीतून वाटा कापतो, सुरुवातीला ३० टक्के. आमच्या लातूरकडे याला आडत म्हणतात. आडत्याकडे सोयाबीनचं पोतं उतरतं, सौदा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, येते. ॲप करणाऱ्या माझ्या भाच्याला महिन्याला जो हिशेब येतो, ती पट्टीच. २०२१मध्ये ॲप करणाऱ्या लहान मंडळींसाठी कपात १५ टक्क्यांवर आली, तरी ती विकणाऱ्याच्याच पट्टीतून जाते. भाजीपाल्याची आडत २०१६मध्ये शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. ॲपवाल्यांना तेवढंही मिळालेलं नाही. 'कमिशन' लिहून हे सगळं पुसू नका, 'आडत' लिहा.

शुद्धमती : बाजार आणि दुकान, दोन्ही फारसीतून आलेले. शासनव्यवहारात 'उपयोजन' शब्द आहे. 'उपयोजन भांडार' का नको?

पथारीवाला : 'उपयोजन टाकून घे' असं घरात कुणी म्हणालेलं ऐकलंय का? आणि फारसी नको, तर कन्नड चालेल? 'पेठ' कन्नड 'पेटे'वरून आली असं मानतात. पुण्यातल्या पेठांना परकं म्हणायची माझी तयारी नाही.

शुद्धमती : घरात म्हणत नाहीत, कारण छापणारेच लिहीत नाहीत. रूढ झालं ते स्वीकारायचं एवढंच धोरण ठेवलं असतं, तर 'महापौर' आणि 'दिनांक' आले असते का?

दादरकर : 'भांडार'वरून आठवलं. मुंबईचं 'अपना बाजार' हे दुकानच, तरी नावात बाजार. 'इंडस ओएस' या भारतीय कंपनीचं ॲप मिळण्याचं ठिकाण 'ॲप बाजार' होतं, पुढे ती कंपनी फोनपेने घेतली आणि २०२४च्या फेब्रुवारीत 'इंडस ॲपस्टोअर' आणलं. त्यात मराठी आहे, पण नावातला बाजार गेला. मला याचं खरंच वाईट वाटलं.

जुना नोकियावाला : २००९चं नोकियाचं 'ओव्ही स्टोअर' कुणी वापरलंय? आमच्या कॉलेजात सगळे त्याला 'ओवी' म्हणायचे. माझं ठाम मत आहे की मूळ एकच असणार.

करवीरकन्या : फिनिशमध्ये ओव्ही म्हणजे दार. आपली ओवी 'ओवणे'वरून. काही संबंध नाही. मूळ प्रश्न बाजारपेठेचा होता…

जुना नोकियावाला : 'ओवणे'वरून हेही सगळे मानत नाहीत. जात्यावरची ओवी आणि ग्रंथातली ओवी यांत आधी कुठली, तिथून सुरुवात करावी लागेल.

मोंढ्यावरचा : ओवीसाठी वेगळा धागा काढा. मला एवढंच सांगा, कोशात 'अडत' आहे की 'आडत'? आमच्याकडच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात.

शुद्धमती : अडत.

दादरकर : बोलताना तर 'आडत्या'च ऐकलंय.