होम थिएटरला एक लाईन की दोन? कूलर धरून बोला

मनीषनगरकर
टीव्हीच्या भिंतीवर एकच १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट. डीबीपासून (घरातल्या वीज-वाटपाच्या पेटीपासून) १५ मीटर, २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, सी-१६ एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). त्यावर रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर), सबवूफर (खर्जाचा स्पीकर), प्रोजेक्टर, सेट-टॉप बॉक्स, आणि एप्रिलपासून खिडकीतला कूलरही. मीटर तीन फेजचं. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, सबवूफर आणि प्रोजेक्टरला दुसऱ्या फेजवरून नवी लाईन ओढा. ओढू का?

तांबडी वायर
कशाला खर्च करता भाऊ? रिसीव्हरच्या पाठीवर ६०० वॉट छापलेलं असलं तरी घरातल्या आवाजाला तो १०० ते १५० खातो. प्रोजेक्टर ३००, सबवूफर सरासरी १०० सुद्धा नाही, कूलर २००. सगळं मिळून ८०० च्या आत, म्हणजे साडेतीन अँपिअर. २.५ च्या वायरला किलोमीटरमागे ७.४ ओहम, जाऊन-येऊन ३० मीटरला ०.२२ ओहम. व्होल्टेज पडणार पाऊण व्होल्ट. २३० मध्ये कोणाला कळणार?

धरमपेठ ४५°
वॉटचा हिशेब बरोबर, पण प्रश्न वॉटचा नाहीच. कूलरचा पंप बंद करताना स्विचच्या टोकांवर ठिणगी पडते, तोच 'टक्' स्पीकरमधून येतो. दुसरं म्हणजे पंप पाण्यात बुडालेला. सील गेलं की अर्थला गळती, आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडते. ऐन सिनेमात प्रोजेक्टर धाडकन बंद, दिवा गरम असताना पंखा थांबलेला. कूलर वेगळ्या लाईनवरच हवा.

तांबडी वायर
लाईन वेगळी केल्यानं आरसीसीबी पडायची थांबणार आहे का? बहुतेक घरांत अख्ख्या डीबीला एकच असते. पंप गळला की सगळंच जातं, लाईन दोन असोत की दहा. आणि 'टक्'साठी ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (थेट घरच्या विजेवर लावण्याजोगा) कपॅसिटर अन् १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, पंपाच्या फेज-न्यूट्रलला, स्विचबोर्डात कोरड्या जागी. काम झालं.

धरमपेठ ४५°
म्हणूनच कूलरच्या लाईनला आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात) लावायचा, आणि ती लाईन मुख्य आरसीसीबीच्या आधीच काढून घ्यायची. मग पंप गळला तर फक्त कूलर पडेल. एक पथ्य: त्या लाईनचा न्यूट्रलही आरसीबीओमधूनच यावा. दुसऱ्या लाईनचा उसना न्यूट्रल जोडला की काही बिघडलेलं नसताना ट्रिप होत राहतं, आणि लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. त्यापेक्षा कूलर विकलेला बरा.

गुणगुण शोधक
दोघं कूलरवरच भांडताय. इलेक्ट्रिशियनचा सल्ला सबवूफरचा होता, आणि तोच चुकीचा आहे. सबवूफर वेगळ्या लाईनवर गेला की त्याची अर्थ डीबीपर्यंत एका वाटेनं, रिसीव्हरची दुसऱ्या वाटेनं, आणि मध्ये आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी दोन्हींना जोडणारी. वेढा पूर्ण. त्यातून करंट वाहिला की ५० हर्ट्झची घरघर. आवाज कमी-जास्त केला तरी ती हलत नाही, हीच तिची खूण.
आत्ताही घरघर येत असेल तर आधी केबलवाल्याची कोॲक्स वायर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोन्हीतून काढून ऐका. ती गच्चीवरून स्वतःची अर्थ घेऊन येते. काढल्यावर घरघर थांबली तर कोॲक्समध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा) टाका. नाही थांबली तर सबवूफरच्या आरसीएवर त्याच कामाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. अर्थची पिन कापणं हा उपाय नव्हे. आतला पुरवठा शॉर्ट झाला तर रिसीव्हरच्या पत्र्यावर २३० येतात.

तांबडी वायर
आणि दुसरा फेज तर मुळीच नको. एकाच रॅकमध्ये दोन फेज म्हणजे दोन टोकांत ४०० व्होल्ट. दोन्ही लाईनींचा न्यूट्रल कुठे एकत्र करून तो तुटला, तर हलका लोड असलेल्या उपकरणावर तीनशेच्या वर जाऊ शकतं.

धरमपेठ ४५°
एकाच फेजवरून दोन लाईन काढता येतातच की. मोठ्या टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर चालू करताना क्षणभर करंटचा हिसका देतो. बी-टाईप एमसीबी छापील अँपिअरच्या ३ ते ५ पटीला लगेच पडते, सी-टाईप ५ ते १० पटीला. सी-१६ असली तरी त्याच लाईनवर उद्या कोणी इस्त्री लावणार नाही याची हमी कोण देतं?

गुणगुण शोधक
दोन काढायच्याच असतील तर एकाच पाइपमधून, एकाच वाटेनं ओढा आणि अर्थ डीबीत एकाच पट्टीवर बांधा. वेढ्याचं क्षेत्र जितकं लहान, तितकी घरघर कमी. मी मात्र ध्वनीची सगळी साखळी एका पॉइंटवर ठेवीन, तीही १६ अँपिअरच्या जाड वायरच्या एक्स्टेंशन पट्टीवर. बाजारातल्या स्वस्त पट्टीत ०.७५ चौ. मिमीची वायर निघते. वर १६ अँपिअर छापलेलं असलं तरी.

मनीषनगरकर
म्हणजे कूलरला नवी लाईन आणि आरसीबीओ, सबवूफर जिथल्या तिथे. आज संध्याकाळी कोॲक्स काढून बघतो.