कडी वाजली की अजूनही पोटात गोळा येतो

आजोळ:
वय 41. लहानपणी संध्याकाळी सातला बाबांची लूना दारात थांबायची आणि मग फाटकाची कडी वाजायची. कडी कशी आपटली यावरून आम्हा दोघी बहिणींना कळायचं, आज मार आहे की नाही. आई पोळ्या लाटत राहायची.

परवा मुलगा सतराच्या पाढ्यात तीनदा अडला. मी खूप ओरडले. मग फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तर त्याने दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली. अगदी मी घ्यायचे तशी. दोनदा चापट मारली आहे त्याला, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून झोप नाही.

बाबा आता 76 वर्षांचे, आमच्याकडेच असतात. सगळे म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं नाही मिळालं. बाबांशी बोलू का?

पिंपळपान:
ताई, मी बोललो होतो वडिलांशी. आठ दिवस मनात जुळवाजुळव करून गेलो. ते म्हणाले, "मला नाही आठवत असलं काही." पुन्हा दहा वर्षांचा झालो मी त्या खोलीत. नंतर दोन वर्षं समुपदेशन घेतलं. सुरुवातीचे कित्येक महिने वडिलांचा विषयच नव्हता. दचकलो की दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, खोलीतल्या पाच वस्तू मोजायच्या. त्यांनी कबूल केलं तरच मी बरा होणार, ही अट सुटली तेव्हा कुठे हलकं वाटलं. आधी लेकाशी बोला.

गवतफूल:
"जुनं उगाळू नकोस" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. बालपणी असे आघात जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्याचंच नाही, हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं. अंगात राहतं हे. टेलि-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

आजोळ:
काल लेकाला म्हटलं, "ओरडले, मारलं, ती माझी चूक. तुझी नाही." तो बराच वेळ माझ्या ओढणीचं टोक गुंडाळत बसला. मग म्हणाला, "सतराचा उद्या म्हणू?" म्हटलं, म्हण.

14416 लावला. अर्धा वेळ रडलेच. बाबांशी इतक्यात नाही बोलणार.