मदत हवी आहे: घाटात दम टाकणारी मॉडिफाइड व्ही-क्रॉस, टर्बो बदलू की थांबू?

घाटवेडा

नमस्कार मंडळी. गाडी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, २.५ लिटर डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल. मूळची १३४ बीएचपी आणि ३२० न्यूटन-मीटरवाली. आता ती मूळची राहिलेली नाही, म्हणून आधीच यादी देतो. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं) केलेलं आहे, ईजीआर (धूर परत इंजिनात नेणारी वाट) ब्लँक म्हणजे बंद आहे, तीन इंची डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आहे, स्नॉर्कल (उंचावरून हवा घेणारी नळी) आहे, आणि या उन्हाळ्यात मोठा ॲल्युमिनियमचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) बसवला, सोबत निळे सिलिकॉनचे होज. टायर २४५/७० ऐवजी २६५/७५ आर १६. कंपनीचा काही दोष आहे असं माझं म्हणणं नाही, हे सगळं आपलंच कर्तृत्व.

दुखणं असं. गावात गाडी एकदम शहाणी. कोथरूड ते हिंजवडी रोज जाते, काही तक्रार नाही. पण खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की २२००-२३०० आरपीएमच्या पुढे कुठेतरी बारीक ‘हुश्श’ होतं आणि ताकद गायब. मागे काळा धूर असा की मागचा गाडीवाला हात वर करून काहीतरी बोलतो, काय ते आपण समजून घ्यायचं. थोड्या वेळात चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद आवरून जपून चालायच्या अवस्थेत, जाते. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की पुढच्या चढापर्यंत ठणठणीत. कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) कमी पडतोय. दुसरा कुठलाही कोड नाही.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकले. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर त्याच्या क्लीनरने धुतला. फरक शून्य.

आता गंमत ऐका. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, टर्बो गेला, नवा टाका. दुसरा म्हणतो इंजेक्टर काढून टेस्टिंगला पाठवा. ज्याने रिमॅप केलं तो म्हणतो, फाइल ओके आहे, टर्बो बघा. टर्बोचा आकडा ऐकून घरी सांगायची हिंमत झालेली नाही. पैसे घालायला हरकत नाही, पण अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही. कुठली तपासणी आधी आणि कुठली नंतर, एवढं जाणकारांनी सांगावं.

नानापेठकर

टर्बोच. बिनधास्त. रिमॅप केलेल्या गाडीचा टर्बो किती टिकणार? नाना पेठेत चौकशी करा, नुसतं काडतूस (टर्बोचा आतला फिरता भाग) मिळतं, पूर्ण टर्बो घ्यायची गरज नाही.

डिझेलकाका

नानापेठकर, तुम्हीही बॉनेट न उघडताच सांगितलंत की हो.

घाटवेडा, आधी धुराचं बोलू. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. टर्बोचे सील गेले असते तर धूर निळसर आला असता आणि ऑइल कमी झालं असतं. ऑइलची पातळी बघितलीत का? टर्बोच्या तोंडाचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतो, पण पाती घराला घासल्याचे ओरखडे दिसले किंवा शाफ्ट पुढेमागे हलला तर मग टर्बोचं बोलू.

दुसरं, या इंजिनाचा टर्बो व्हेरिएबल आहे, म्हणजे आतली पाती कमीजास्त उघडतात. त्या पात्यांची दांडी व्हॅक्यूमने हलते. इंजिन चालू करताना ती ओढली जायला हवी आणि बंद केल्यावर सटकन परत यायला हवी. अडखळत आली तर आत काजळी धरली आहे किंवा व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली आहे. त्या रबरी नळ्या उन्हाने कडक होतात, टोकाशी भेग पडते आणि वरून दिसत नाही. मुंबईला एकाने टर्बो बदलला, तरी दुखणं तेच राहिलं. शेवटी निघाली ती एक नळी.

आणि स्कॅनरवरचे आकडे टाका. नुसता कोड म्हणजे ‘ताप आहे’ एवढंच कळलं.

घाटवेडा

काका, ऑइल अजिबात कमी होत नाही. शाफ्ट बघितला, आडवा अगदी किंचित, पुढेमागे काही नाही, ओरखडे नाहीत. दांडी दोन्ही वेळा सटकन हलते.

मित्राला शेजारी बसवून दिवे घाटात लॉग घेतला. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, २५०० आरपीएम:

मागितलेला बूस्ट २४० केपीए, मिळालेला १७०. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मागितलं तेवढं मिळतंय, फरक नगण्य. एमएएफ सेकंदाला ११५ ग्रॅमच्या आसपास. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६० अंश. बूस्टचे आकडे वातावरणाच्या दाबासकट आहेत.

मुळशीचा_मास्तर

आता मजा आली. रेल प्रेशर बरोबर आहे म्हणजे पंप, डिझेल फिल्टर या बाजूला दुखणं नाही. ते असतं तर पी००८७ (डिझेलचा दाब कमी) हा कोड आला असता. इंजेक्टर तूर्तास विसरा.

आता एक गणित करू, वहीवर होईल एवढं. इंजिन २.५ लिटर, चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. २५०० आरपीएमला मिनिटाला ३१२५ लिटर, सेकंदाला साधारण ५२ लिटर. १७० केपीए आणि ६० अंशांना हवेची घनता लिटरला सुमारे १.७८ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही, ९० टक्के धरा. उत्तर येतं सेकंदाला ८३ ग्रॅम.

म्हणजे इंजिनाच्या पोटात ८३ ग्रॅम जातेय आणि तुमचा एमएएफ म्हणतोय ११५ आत आली. मधली ३० ग्रॅम हवा कुठे गेली?

टर्बोची पाती उघडी अडकली असती किंवा टर्बो दमला असता तर एमएएफचा आकडाही तेवढाच पडला असता, कारण हवा ओढलीच गेली नसती. इथे टर्बो हवा ओढतोय, दाबतोय, आणि टर्बो ते मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) या वाटेत ती बाहेर पडतेय. काळ्या धुराचंही उत्तर यातच आहे. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं ११५ ग्रॅम हवा आली, त्या हिशोबाने तो डिझेल सोडतो.

फक्त एक खात्री करा. बूस्ट सेन्सर खोटं बोलत असेल तर माझं सगळं गणित पाण्यात. इंजिन बंद, चावी ऑन, सेन्सरचा आकडा वाचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तेव्हा ९४-९५ केपीए दिसायला हवं. ८० किंवा ११० दिसलं तर आधी सेन्सर बदला.

घाटवेडा

आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. चावी ऑन, ९५. मास्तर, तुम्हाला एक चहा लागू.

पण होज मी सगळे हाताने चाचपले आहेत. सगळे घट्ट आहेत, क्लिपाही आवळलेल्या आहेत. कुठे चीर नाही.

डिझेलकाका

हाताने चाचपून दीड बारचा (वातावरणाच्या वर सुमारे १५० केपीए) दाब कळत नाही. प्रेशर टेस्ट करा, खर्च चहा-वड्याएवढा.

हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची टोपी घ्या. तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. टोपी टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घालून क्लॅम्प मारा आणि कॉम्प्रेसरने हवा भरा. रेग्युलेटर लावूनच, १ बारच्या वर जायचं नाही. टोपीसमोर तोंड नेऊ नका, सुटली तर दात जातील.

महत्त्वाचं राहिलं: क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) टर्बोच्या आधीच्या पाइपात येते, ती काढून दोन्ही बाजूंनी बंद करा. नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात जाऊन सील उडवेल आणि मग नानापेठकरांकडे जायची वेळ येईल.

साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. सायलेन्सरमधून थोडा फुसफुस आवाज आला तर घाबरू नका, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह जरा उघडे असतात. आणि दाब असताना प्रत्येक होज हाताने हलवा, वाकवा. घाटात इंजिन माउंटिंगवर डोलतं, उभ्या गाडीत डोलत नाही.

वारजे_वाटाड्या

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढा धूर सोडणारी गाडी पीयूसीला पास कशी होते? आणि हे सगळं आरटीओच्या नजरेत आलं तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत.

मुळशीचा_मास्तर

वाटाड्या, मुद्दा रास्त आहे. पीयूसीत डिझेल गाडीला गिअर न घालता रेस करून धूर मोजतात. इंजिनावर ओझंच नसतं, त्यामुळे बूस्ट जेमतेम तयार होतो आणि असली गळती तिथे दिसतच नाही. पास झाली म्हणजे तब्येत ठीक असं नाही. कायद्याचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

घाटवेडा

सापडलं! फोटो टाकतोय, पण आधी ऐका.

अर्ध्या बारला काहीच नाही. साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले, एक बुडबुडा नाही. १ बारला इंटरकूलरच्या गरम बाजूच्या, म्हणजे टर्बोकडून येणाऱ्या होजच्या जोडावर बारीक फेस आला. काकांनी सांगितल्याप्रमाणे होज धरून खाली ओढला आणि तोच ‘हुश्श’! खंबाटकीतला आवाज पार्किंगमध्ये ऐकला. वॉचमन काका लांब जाऊन उभे राहिले.

होज काढून बघितला. कंपनीच्या पाइपाच्या टोकाला एक उंचवटा असतो, होज त्याच्यामागे अडकून बसतो. या नव्या इंटरकूलरच्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला उंचवटाच नाही, सरळ गुळगुळीत नळी. त्यावर ब्रीदरमधून आलेल्या ऑइलचा पातळ थर. वर साधी स्क्रूची होज क्लिप, इतकी आवळलेली की तिच्या खाचांमधून निळं सिलिकॉन बाहेर फुगलंय. गावात दाब कमी म्हणून होज जागेवर राहायचा, चढावर गरम होऊन दाब वाढला की बोटभर सरकायचा. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, ‘सर, अजून जरा आवळा.’

डिझेलकाका

आवळू नका! अजून आवळलं तर सिलिकॉन कापलं जाईल. भोसरीत ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे आहेत, नळीच्या टोकाला चारी बाजूंनी वेल्डची बारीक कडा चढवून घ्या. त्याआधी इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल धुवायला सांगा, नाहीतर वेल्ड धरणार नाही. नंतर आतले बुरादे नीट झटका, ते थेट इंजिनात जातात. होजला आतून थिनरचा बोळा फिरवा आणि साध्या क्लिपेऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प लावा. तो सगळीकडून सारखा दाबतो. गरम बाजूला लावलात की थंड बाजूलाही लावा, तिथेही नळी तशीच असणार.

घाटवेडा

दोन्ही बाजूंना कडा चढवून घेतली, चार टी-बोल्ट क्लॅम्प टाकले. थंड बाजूचा होज खरंच सरकायच्या बेतात होता. काल परत दिवे घाट: मागितले २४०, मिळाले २३६. दिवा नाही, लिंप मोड नाही. टर्बो तोच.

एकच गोष्ट उरली. १५०० आरपीएमला एकदम पाय दाबला की अजून काळा भपका येतो, मग साफ होतो. हे पण हवेचंच का?

मुळशीचा_मास्तर

नाही, हे फाइलचं. मूळ फाइलमध्ये धुराची मर्यादा असते, टर्बो फिरायला लागेपर्यंत डिझेल हात राखून सोडतात. रिमॅपवाले पहिल्या झटक्याला ताकद जाणवावी म्हणून ती मर्यादा ढिली करतात. बिघाड नाही, पण चांगलंही नाही, एक्झॉस्टचं तापमान चढतं. नवा लॉग घेऊन ट्यूनरकडे जा आणि खालच्या आरपीएमचं डिझेल कमी करायला सांगा. तयार नसेल तर मूळ फाइलची प्रत मागून घ्या, ती तुमचीच आहे. आणि टर्बोचे पैसे वाचलेत त्यातून टर्बोच्या आधी एक एक्झॉस्ट तापमानाचा काटा बसवा. लांब चढावर ७५० अंशांच्या पुढे सलग राहायला लागला की पाय उचलायचा.

घाटवेडा

काटा बसवतो. फाइलसाठी शनिवारी ट्यूनरकडे जातोय, नवा लॉग सोबत नेतो. होजचे आणि कडेचे फोटो खाली टाकतोय. हाच इंटरकूलर अजून कुणी लावला असेल तर आधी होज उपसून टोक बघून घ्या.