अंधाऱ्या वळणावर टाकाऊ वस्तूंचे रिफ्लेक्टर : काय टिकतं, काय नाही?

प्रश्न : गावाबाहेर आंधळं वळण आहे आणि लगेच बिनकठड्याची मोरी. दिवे नाहीत. जुन्या सीडी, बाटल्या, टायर, पीव्हीसी पाइपचे तुकडे जमले आहेत. यातून रात्री दिसतील अशा खुणा कशा कराव्यात? पावसात टिकतील का?

उत्तर १ : सीडी बाजूला ठेवा. ती आरशासारखी आहे, प्रकाश दुसरीकडेच फेकते. अगदी काटकोनात आली तरच चालकाला चमक दिसते. रेडियम पट्टीत बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात, ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. रेडियम कटिंगचे उरलेले तुकडे, फाटक्या सुरक्षा जॅकेटच्या पट्ट्या गोळा करा. साधा चकचकीत व्हिनाइलही त्यात मिसळलेला असतो, म्हणून तपासणी हवीच. रात्री ५० मीटरवरून बॅटरी कानशिलाजवळ धरून बघा. बॅटरी कमरेशी धरली तर चांगली पट्टीही मंद वाटते. मग तुकड्यावर पाणी शिंपडून पुन्हा बघा. उघड्या काचमण्यांची पट्टी ओली झाली की जवळपास विझते. ती जनावरांच्या गळ्यातल्या पट्ट्यांसाठी ठेवा, वळणावर प्रिझमवालीच लावा.

उत्तर २ : खांबासाठी पीव्हीसी पाइप उत्तम. १.२ मीटरचा तुकडा, ४० सेंमी जमिनीत. तळाशी आरपार छिद्र पाडून लोखंडी सळीचा तुकडा घाला, म्हणजे पाइप फिरत किंवा उपटत नाही. काँक्रीट भरू नका. दुचाकीस्वार आदळला तर खांब मोडला पाहिजे, माणूस नाही. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून दुपारच्या उन्हात पट्टी दाबून चिकटवा. निळ्या ड्रमच्या किंवा कॅनच्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, तिथे रिव्हेट मारा.

खांब वळणाच्या बाहेरच्या कडेला, डांबरापासून निदान अर्धा मीटर लांब. पट्टीचं तोंड येणाऱ्या वाहनाकडे. रस्त्याला समांतर लावलेली पट्टी दिसतच नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तीव्र वळणावर ६ ते १० मीटरवर एक खांब, जेणेकरून कुठूनही एकावेळी निदान ३ दिसतील. पहिला खांब वळणाच्या आधीच हवा. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. भान येऊन थांबेपर्यंत ५० मीटर सहज लागतात, आणि डिपरवर काळपट वस्तू बहुधा त्याच्या आतच दिसते.

प्रश्नकर्ता : मोरीच्या टोकाला टायर रचून चुना मारला तर?

उत्तर ३ : टायर नकोत. पाणी साचून डास होतात आणि रबरावर चुना टिकत नाही. मोरीच्या चारही कोपऱ्यांवर वरच्यासारखेच खांब, प्रत्येकावर दोन पट्ट्या. चुना दगडांवर चालेल. दिसण्यात मदत होते, पण पट्टीची जागा तो घेत नाही, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मारावा लागतो. बाटल्याही नकोत. उन्हाने त्या ठिसूळ होऊन कडेला तुकडे पडतात.

बैलगाडी आणि ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना लाल पट्टी लावा, म्हणजे रुंदी कळते. मधोमध एकच लावली तर मागच्याला ती सायकल वाटते. रस्ता ज्या खात्याकडे आहे त्यांना खांबांची जागा आधी दाखवा, नाहीतर साइडपट्टीच्या कामात सगळे उपटले जातील. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पट्ट्या पुसा, पावसात चिखल उडत असेल तर आठवड्याला. गवत पट्टीच्या खाली कापलेलं ठेवा.