चर्चा: डर्ट बाइकला बाहेरच्या कंपनीचा सायलेन्सर, ताकदीसाठी की नुसत्या आवाजासाठी?

चिखल्या
थेट मुद्द्यावर येतो. माझ्या २५० सीसी फोर-स्ट्रोकला मी टायटॅनियमची फुल सिस्टीम, म्हणजे हेडर (इंजिनातून निघणारा पाइप) आणि सायलेन्सर दोन्ही, बसवली. पहिल्या दिवशी वाटलं, गाडीच बदलली. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ लावलं. त्याच वाटेवर दहा फेऱ्या नव्या पाइपवर, दहा कंपनीच्या पाइपवर. मोकळ्या पट्ट्यात नवा किंचित पुढे. वळणावळणाच्या भागात मात्र जुन्याने इतकं कमावलं की फेरी त्याचीच जलद निघाली. कान बधिर झाले ते वेगळंच.

माझं मत: हौसेने चालवणाऱ्याने फोर-स्ट्रोकचा सायलेन्सर चेपला-फुटला तरच बदलावा. टू-स्ट्रोकची गोष्ट निराळी. तिथे एक्स्पान्शन चेंबरच, म्हणजे पाइपचा फुगीर भाग, बाहेर निसटणारं हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो, त्यामुळे पाइप बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. फोर-स्ट्रोकमध्ये दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडायची-मिटायची ती कॅमने. पाइपच्या हाती उरतं थोडंच.

रेडलाइन
‘थोडंच’ कसं? जरा आकडे मांडू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, रुंद तोंडाशी पोचली की उलटी होऊन, म्हणजे ओढ घेऊन, परत येते. तापलेल्या वायूत तिचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ५०० मीटर धरा. जायला एक मीटर, यायला एक मीटर, म्हणजे ४ मिलिसेकंद. १०,००० आरपीएमला एक फेरा ६ मिलिसेकंदांत होतो, म्हणजे त्या ४ मिलिसेकंदांत क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) २४० अंश फिरला. नेमके दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात त्या वेळी लाट हजर! ती उरलासुरला धूर ओढून नेते आणि मागोमाग ताजी हवा आत खेचते. हे फुकटचं भरण आहे.

५,००० आरपीएमला तेच ४ मिलिसेकंद म्हणजे फक्त १२० अंश. लाट फार लवकर येऊन वाया जाते. तुमच्या वळणांत हेच झालं असणार. वर पळणाऱ्यांसाठी बनवलेला आखूड, जाड हेडर तुम्ही उचललात आणि त्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुमवत बसलात. लांब किंवा बारीक हेडर घेतला असता तर खालची ओढ वाढली असती. चूक निवडीची आहे आणि शिक्षा सगळ्या पाइपांना?

चिखल्या
निवडीची चूक मान्य. पण ‘वरचा दम’ आणि ‘खालची ओढ’ हे पाकिटावर लिहिलेलं कधी दिसलंय? सगळ्यांवर एकच: ताकद वाढते. आणि तुमचंच गणित सांगतं की एका टोकाला दिलं तर दुसऱ्या टोकाचं काही जातं. कंपनीने मधला सूर लावलेला असतो, तो मला पुरतो.

जुना फिटर
दोघांचं ऐकलं. कंपनीचा सूर मधलाच असतो असं नाही, तो आवाजाच्या नियमांचा आणि खर्चाचाही असतो. शिवाय कंपन्या स्वतःच मत बदलतात. होंडाने २०१३ च्या सीआरएफ४५०आरला दोन सायलेन्सर दिले आणि २०२१ ला परत एकावर आली. दोनच चांगले असते तर सोडले असते का?

एक गैरसमज मात्र इथेच गाडून टाका. ‘फोर-स्ट्रोकला बॅकप्रेशर, म्हणजे पाइपात थोडा अडथळा, लागतो’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. मोठा पाइप लावल्यावर खालची ओढ जाते ती वायूचा वेग मंदावतो आणि लाटेची वेळ चुकते म्हणून.

दुसरं, पाइप बदलून मिश्रण न बघणारे. धूर मोकळा झाला की हवा जास्त जाते, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटायला लागले की लोक खूश, ‘रेसिंग आवाज’ म्हणे. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोल सोडणारं जेट बदला, इंजेक्शन असेल तर पेट्रोल किती सोडायचं तो मॅप बदला. आणि आधी जोड तपासा. हेडरच्या सांध्यातून हवा शिरत असली तरी तसेच फटाके फुटतात, मग जेट बदलून उपयोग शून्य.

काटेकुटे
मी जंगलवाटेवर चालवतो. माझ्याकडे पहिला प्रश्न ताकदीचा नाहीच: ठिणगी अडवणारी जाळी आहे का, आणि आवाज किती? वाळलेल्या गवतात कार्बनची एक तापलेली कणी पुरते. स्पर्धेच्या बंद ट्रॅकसाठी बनवलेल्या बऱ्याच सायलेन्सरांत ही जाळी नसते, घेताना विचारा.

आवाजाची चाचणी एसएई जे१२८७ पद्धतीने होते. गाडी उभी, ठरावीक आरपीएम, माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत. ९६ डेसिबल ही नेहमीची मर्यादा. ‘दोन-तीन डेसिबलने काय होतं’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. वाट बंद पडली तर टायटॅनियम भिंतीवर टांगायचं का?

रेडलाइन
आवाज कमी करणारा इन्सर्ट मिळतो की. स्क्रूने बसतो, ट्रॅकवर काढा, जंगलात घाला.

काटेकुटे
आणि इन्सर्ट घातल्यावर तुमचं फुकटचं भरण किती उरतं, तेही सांगा ना राव.

रेडलाइन
वरच्या टप्प्यात कमी होतं, नाही म्हणत नाही. पण वजन? टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टेनलेस स्टीलची ८ च्या जवळ. सायलेन्सर मागे आणि उंचावर असतो, तिथलं वजन उतरलं की उडीत आणि पटकन वळताना गाडी हलकी लागते. हे घड्याळात दिसेल न दिसेल, हातांना कळतं.

जुना फिटर
हातांना कळतं ते पहिली आपटी बसेपर्यंत. टायटॅनियमचा पातळ पत्रा दगडावर चेपला की सरळ करणं कठीण आणि त्याचं वेल्डिंग कुणाकडेही होत नाही. सतत पडणाऱ्याने स्टेनलेस हेडर आणि अॅल्युमिनियमचा डबा घ्यावा. आतलं पॅकिंग, म्हणजे आवाज शोषणारा कापसासारखा थर, तेही बदलत राहा. ते जळून गेलं की आवाज पोकळ आणि कर्कश होतो, डब्याचा पत्रा तापतो. चिखल्या, तुमचे कान बधिर झाले तेव्हा पॅकिंग किती जुनं होतं?

चिखल्या
नवंकोरं होतं, काका. तो पाइपच तसा.

एक विचारतो. अख्खी सिस्टीम परत काढून ठेवण्यापेक्षा नवा हेडर ठेवून मागे कंपनीचा सायलेन्सर लावला तर?

जुना फिटर
आधी व्यास मोजा. जोड ढिला राहिला तर वर सांगितलेले फटाके आलेच. माप जुळलं तर लावा, पण हेडर आखूडच राहणार. ओढ थोडी परत येईल, सगळी नाही.

चिखल्या
कॅलिपर आणतो. बहुधा जुळणार नाही, डोळ्यांनाच दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसतोय.

रेडलाइन
मग विकायचा असेल तो हेडर तर मला आधी सांगा.